भुलेश्वर दर्शन: व्हीलचेअर ढकलणाऱ्यांसाठी पहिला धडा

अभिनंदन! तुमच्या मावशीने व्हीलचेअरवरून यवतजवळच्या डोंगरावरचं भुलेश्वर मंदिर बघायचं ठरवलं आहे आणि ढकलायला तुमची निवड झाली आहे. निवड म्हणजे बाकीची भावंडं लग्नाला गेली आहेत. हा धडा अगदी नवशिक्यांसाठी आहे, म्हणजे या कामात डोंगरच काय तो अवघड असं ज्यांना अजून वाटतं, त्यांच्यासाठी.

साहित्य: घडीची एक खुर्ची, एक गाडी, एक मावशी. मावशीला बाहेर आणण्याआधी डिकी उघडून बघा. गाडी सीएनजीवरची असेल तर तिथे टाकी असते, मग खुर्ची मागच्या सीटवर प्रवासी म्हणून जाते आणि वळणावर तुमच्या मानेत कोपर मारते. एसटीचा विचार सोडा. दिव्यांगांना भाड्यात 75 टक्के सवलत आहे, पायऱ्यांत नाही.

यवतला सोलापूर रस्त्यावर चहाला थांबा. खरा अभ्यास इथे सुरू होतो. खुर्ची टेबलाशी लावली की हॉटेलवाला तुमच्याकडे बघून विचारेल, "आजी चहा घेतात का?" तुम्ही उत्तर देऊ नका, पंख्याकडे बघा. मावशी चाळीस वर्षं झेडपीच्या शाळेत शिकवत होती. चहा घेते की नाही हे तिला सांगता येतं. शेजारच्या बाकावरचे काकाही तुम्हालाच विचारतील, "काय झालंय यांना?" पुन्हा पंखा. मावशी म्हणेल, "पोलिओ. लहानपणीच. तुम्हाला काय झालंय?" इथे हसायचं नाही, नाहीतर काकांना वाटतं तुम्ही त्यांच्या बाजूचे आहात.

काका तरीही उपाय सांगतीलच. उरुळी कांचन वाटेतच होतं, निसर्गोपचार आश्रमात का नाही नेलं? आश्रम 1946 साली गांधीजींनी सुरू केलेला, नामांकित. पण साठ वर्षांपूर्वीचा पोलिओ मातीच्या पट्टीने उतरत नाही. मग तेलाचं नाव येतं. तेलापाठोपाठ कुठल्यातरी महाराजांचं येण्याआधी चहाचे पैसे देऊन निघा. पैसे मावशी देईल. सुट्टे मात्र तुमच्या हातात येतील.

हॉटेलच्या पायरीला लागून एक उतार असेल. तो पाहून हुरळू नका, तो मालकाच्या बुलेटसाठी आहे. खुर्चीच्या उताराचं गणित एकास बाराचं: एक फूट चढायला बारा फूट लांबी. सात इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर एकवीस फूट. बांधणारा गवंडी चार फुटांत भागवतो, कारण पुढे गटार आहे. अशा उतारावरून खाली येताना खुर्ची उलटी फिरवा आणि स्वतः पाठमोरे उतरा; सरळ आणलीत तर मावशी तुमच्या आधी महामार्गावर पोहोचेल. खडी लागली की मागच्या दांडीवर पाय देऊन पुढची छोटी चाकं उचला आणि मोठ्या चाकांवर न्या. आणि प्रत्येक वेळी आधी सांगा. न सांगता मागे कलंडवलेल्या माणसाने काढलेली शिवी शिवी धरली जात नाही.

अपंगांसाठीचं स्वच्छतागृह असेल तर त्यात झाडू, रंगाचे डबे आणि एक तुटकी खुर्ची असते. किल्ली ज्याच्याकडे आहे तो वरवंडला गेलेला असतो. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा, त्याचे नियम 2017 चे; असलेल्या सार्वजनिक इमारती सुगम करायला पाच वर्षं दिली होती. तो हिशेब मावशी तिथेच, मोठ्याने, वर्गात मांडावा तसा मांडते. तुम्ही किल्लीची वाट बघा.

आता डोंगर. गाडी वळणं घेत बरीच वर जाते, त्यामुळे ज्याची धास्ती होती तो भाग बसल्या बसल्या पार पडतो. मंदिर यादवकाळातलं मानतात. आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने 1630 च्या सुमारास पुणं उद्ध्वस्त केलं, त्यावर गाढवाचा नांगर फिरवला आणि ठाण्यासाठी हा डोंगर धरून इथे दौलतमंगळ किल्ला उभारला. त्याच्यावर चिडू नका. कोणी सहजासहजी वर येऊ नये म्हणूनच तो बांधत होता, आणि त्याचं काम चोख आहे. चिडायचं तर पुण्यातल्या नव्या दवाखान्यांवर चिडा. तिथे कोणी हल्ला करणार नसतं, तरी दारात तीन पायऱ्या असतात.

पायऱ्यांपाशी पोहोचताच चार मुलं धावत येतील. मुलं चांगली असतात, घाई वाईट. एकजण हात टेकायची दांडी धरून उचलेल. ती निघणारी असते, त्याच्या हातात दांडी येईल आणि मावशी जागेवर राहील. उचलायचंच असेल तर पक्क्या सांगाड्याला धरायचं, ब्रेक लावलेले, पाठ वरच्या पायरीकडे, आणि एक-दोन-तीन एकानेच म्हणायचं. पण त्याआधी एक गोष्ट आहे जी त्या चौघांच्या डोक्यात येत नाही, आणि खरं सांगायचं तर तुमच्याही आली नव्हती: उचलू का, हे विचारायचं.

मावशी म्हणते, "नको. पालखी यवतला वर्षातून एकदा येते, आषाढी वारीत. ती तुकोबांची असते."

आतल्या पायऱ्या तशाही अरुंद आणि काळोख्या आहेत. खुर्ची त्यात वळायची नाही. कोणीतरी मावशीच्या मांडीवर दहाची नोट ठेवून नमस्कार करेल. ती घ्यायची की परत द्यायची हा तिचा प्रश्न आहे. (ती घेते. दानपेटीत टाकायला तुमच्याकडे देते.)

मग ती बटव्यातून यादी काढेल. ती वाचून आली आहे. स्त्रीरूपातला गणपती म्हणजे वैनायकी. शरपंजरी पडलेला भीष्म. द्रौपदी स्वयंवराचा मत्स्यभेद. मूर्तिभंजकांनी कुठे कुठे घाव घातले तेही जवळून. खाली सावलीत, ब्रेक लावून, ती थांबणार. तुम्ही फोन घेऊन वर जायचं. पहिल्या फेरीला तुम्ही हत्तींची रांग आणि स्वतःचा अंगठा टिपून आणाल. मावशी फोन परत देईल. दुसऱ्या फेरीला वैनायकी मिळेल, पण हललेली. "हात थरथरतो का रे तुझा? पायऱ्या चढवत नाहीत का?" असं ती विचारेल, आणि शेजारचे काका, कारण असे काका भुलेश्वरलाही असतात, काळजीने तुमच्या गुडघ्यांकडे बघतील आणि मावशीला विचारतील, "काय झालंय यांना?"

तिसऱ्या फेरीला पेढ्यांचा पुडा बरोबर जातो. पिंडीखाली ठेवलेल्या पेढ्यांतला एखादा गायब होतो अशी भुलेश्वरची ख्याती आहे. मावशी पेढे मोजून देते आणि मोजून घेते. एक कमी भरला तर देवाची कृपा. तीन कमी भरले तर ती तुमच्या तोंडाकडे बघेल, म्हणून शेवटच्या पायरीच्या आधी ओठ पुसून घ्या.