रात्र कुठं काढायची?

दिल्लीच्या २०२४ च्या उन्हाळ्याचा विषय निघाला, की माणसं एकच आकडा सांगतात. ५२.९. २९ मे रोजी मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्रावर तो दिसला आणि देशभर बातमी झाली. तीन दिवसांनी हवामान खात्यानं खुलासा केला, की तिथलं यंत्र सुमारे तीन अंश जास्त दाखवत होतं. चर्चा तिथंच संपली.

माझ्या डोक्यातून मात्र दुसराच आकडा जात नाही. ३५.२. हे सफदरजंग केंद्राचं १९ जूनचं किमान तापमान. किमान! त्या रात्रीची सगळ्यात गार घटका एवढी गरम होती.

दिवसभर तापलेलं शरीर रात्री निवतं, म्हणून माणूस सकाळी उठून पुन्हा कामाला लागू शकतो. रात्र निवलीच नाही, तर कालची तलखी अंगात घेऊनच दुसरा दिवस उजाडतो. असे दोन-चार दिवस गेले की धडधाकट गडीही कोसळतो. कोळशा-तेलातून निघालेले वायू जमिनीची उष्णता रात्रीही धरून ठेवतात आणि दिवसा तापलेलं सिमेंट ती पहाटेपर्यंत सोडत राहतं.

त्याच १९ जूनला दिल्लीची विजेची मागणी ८,६५६ मेगावॉटवर गेली. तोवरचा उच्चांक. एसी उष्णता नाहीशी करत नाही, खोलीतून उचलून गल्लीत टाकतो. गल्लीत कोण असतं? रिक्षा ओढणारा, फाटकावरचा रखवालदार, नोएडा-गुरुग्रामच्या बांधकामांवर पत्र्याच्या खोपटात राहणारी कुटुंबं. आणि ती वीज बहुतांश कोळशाचीच.

त्या मे महिन्यात राममनोहर लोहिया रुग्णालयानं उष्माघाताच्या रुग्णांसाठी बर्फाच्या पाण्याचे टब मांडले. तिथं बिहारहून आलेला एक मजूर दगावला. ताप १०७ अंश फॅरनहाइटच्या पुढे. तो राहायचा त्या खोलीत ना पंखा होता, ना कूलर. नायब राज्यपालांनी बांधकाम मजुरांना दुपारी १२ ते ३ भरपगारी सुट्टी द्यायला सांगितलं. योग्यच केलं. पण सुट्टीत मजुरानं जायचं कुठं? त्याच पत्र्याखाली? आणि रात्री?

दिल्लीच्या आभाळातल्या घारीचीही हीच गत. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. चोच उघडून धापा टाकायच्या आणि श्वासावाटे अंगातलं पाणी घालवायचं, हाच त्यांचा मुख्य उपाय. पाणी मिळालं नाही की आभाळातूनच पक्षी गळून पडतो. वजीराबादचे नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद हे भाऊ वर्षानुवर्षं घारींवर उपचार करत आले आहेत. पक्ष्यांच्या रुग्णालयानं घार मांसाहारी म्हणून नाकारली, तिथून त्यांचं काम सुरू झालं. शौनक सेन यांचा ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा माहितीपट त्यांच्यावरचाच. त्यांच्या कामाला मी मनापासून हात जोडतो. पण अख्ख्या शहराचं आभाळ दोन भावांनी किती झेलायचं?

हे दिल्लीचं दुखणं म्हणून आपण मराठी माणसांनी मान फिरवू नये. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात पुरस्कार सोहळ्यासाठी भर उन्हात बसवलेल्या गर्दीतली १४ माणसं गेली. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर शरीर निवत नाही. दिल्लीतही पावसाच्या तोंडावर पारा थोडा उतरतो, दमटपणा चढतो आणि जीव तसाच कासावीस होतो.

थंडी पडली की दिल्लीत बेघरांसाठीचे रैनबसेरे वाढवले जातात, तंबू ठोकले जातात, रस्त्यावर झोपलेल्यांना उठवून आत नेलं जातं. थंडीची लाट केंद्राच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीत आहे. २०२४ च्या त्या उन्हाळ्यात उष्णतेची लाट त्या यादीत नव्हती. हवामान खात्याकडे ‘उष्ण रात्र’ अशी स्वतंत्र व्याख्या आहे, इशाराही दिला जातो. मग तो इशारा आला की त्या रात्री सरकारी शाळांचे, समाजमंदिरांचे दरवाजे उघडा. पंखे, कूलर, पिण्याचं पाणी, झोपायला सतरंज्या. आणि गच्चीवर पाण्याची पसरट परळं ठेवा, घारीला उतरता येईल एवढी मोठी.