हवाकाका

अमरावतीहून अकोल्याला लग्नाला निघालेल्या गाडीजवळ एक माणूस उकिडवा बसलेला दिसतो. तो पूजा करत नाही, टायरची हवा मोजतो. हे हवाकाका. वऱ्हाडात प्रत्येक खानदानात एक तरी असतातच. बहुधा सरकारी नोकरीतून निवृत्त, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी प्रेशर गेज.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीने चिकटवलेला आकड्यांचा स्टिकर अख्ख्या घरात फक्त त्यांनी वाचलेला असतो. "टायरवर कोरला तो आकडा जास्तीत जास्तचा असते. तेवढी हवा भरसान तं गाडी बेडकावानी उड्या मारत जाईन," असं ते न विचारता सांगतात. हवा थंड्या टायरची मोजायची, म्हणून पहाटे पाचला त्यांचा छोटा कंप्रेसर सुरू होतो आणि गल्ली जागी होते. बायका नऊवारी-शालू सावरून गाडीत बसल्या तरी काकांचं चौथं चाक बाकीच असतं. कोणी कुरकुरलं, की उत्तर तयार: "याच रोडवर 2022 मधी 75 किलोमीटर डांबर टाकाले 105 तास 33 मिनिटं लागले, तं गिनीज बुकात नाव गेलं. अन् तुम्हाले दहा मिनिटं दम नाही निघत?"

त्यांचा खरा शत्रू म्हणजे मेहुणा. मे महिना, अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर. मेहुणा म्हणतो, "भाऊजी, उन्हानं हवा फुगते. चार पॉइंट कमीच ठेवा ना." झालं! काका गेज खिशात ठेवून चष्मा कपाळावर चढवतात. "अबे, हवा कमी असली का टायरची बाजू दर फेऱ्याले दबते. दबू दबू आतून तापते, अन् तापलं का मंग फुटते. समृद्धी महामार्गावर जाऊन पाह्य!"

मूर्तिजापूरजवळ चहाला थांबल्यावर मेहुणा मुद्दाम गेज मागतो. सकाळचे 33 आता 37. "पाह्या!" तो जिंकल्यासारखा ओरडतो. काका शांत. "गाडी चालली का चार पॉइंट चढतेच. गरम टायरची हवा काढाची नसते. आता काढशीन तं रात्री थंडा झाल्यावर कमी भरन."

शेजारचा पंक्चरवाला नायट्रोजन भरू का म्हणून विचारतो. "आपल्या साध्या हवेत 78 टक्के तेच हाये, बाप्पा. देव फुकट देते." नायट्रोजन जरा सावकाश गळतो, हे काकांना ठाऊक आहे. पण तेवढ्यासाठी पैसे मोजणारा माणूस वऱ्हाडात अजून जन्मायचा आहे.

काकांचा खरा उच्छाद असा की ते चुकतच नाहीत. चुकले असते तर घरच्यांनी हसून सोडून दिलं असतं. बरोबर असलेल्या माणसाचं काय करावं?

अकोल्याच्या मंगल कार्यालयात पोचल्यावर ते मांडवात दिसत नाहीत. नवरदेवाच्या सजवलेल्या गाडीच्या झेंडूच्या माळा बाजूला सारून व्हॉल्व्ह शोधत असतात. यंदा तिथे आधीच एक गृहस्थ उकिडवे बसले होते. मुलाकडचे हवाकाका! त्यांचं गेज 33 दाखवत होतं, आमच्या काकांचं 35. दोघांनीही आपापलं गेज फुंकून, पुसून पुन्हा लावलं. फरक दोनाचा, तसाच. आत मंगलाष्टकं सुरू झाली, कोणीतरी हाका मारत आलं, पण दोघंही जागचे हलले नाहीत. तिसरं गेज आणायला त्यांनी एका पोराला पेट्रोल पंपावर पिटाळलं होतं.