एडिसनची पाल

(रंगमंचावर एक खुर्ची, एक झाडू. कलाकार छताकडे बघत येतो. थांबतो. तोंडानं आवाज काढतो.)

चुक्!

(प्रेक्षकांकडे) हसले ते सगळे न्यू जर्सीवाले. बाकीच्यांना वाटलं, माईक बिघडला.

रात्रीचे तीन. न्यू जर्सीतलं आमचं एडिसन. बाहेर गुडघाभर बर्फ. घरात मी, बायको, पोरगी आणि वडूजहून आलेली आमची आत्या. सहा महिन्यांचा मुक्काम, सहा किलो कांदा-लसूण मसाला. आणि छतावरनं... चुक्!

आत्या ताडकन उठून बसली. जमिनीवर बोट आपटलं. "कृष्ण कृष्ण! बाळ्या, पाल चुकचुकली रं!"

"आत्या, इथं घरात पाली नसतात."

"न्हाई? मग तुजा बा चुकचुकला व्हय?"

तिला समजावलं. छताला ती पांढरी बशी आहे ना, तो स्मोक अलार्म. बॅटरी उतरली की मिनिटाला एकदा कण्हतो. तीनच वाजता का? तर गारठ्यात बॅटरीचा जोर कमी होतो आणि पहाटे घर सगळ्यात गार. दिवसभर बिचारी तग धरते, तीनला मान टाकते. मंडळाचा खजिनदार वर्गणीला नेमका जेवायच्या वेळी उगवतो, तसंच.

तेवढ्यात बायको बाहेर आली. "दिवाळीपासून सांगतेय, बॅटरी बदल. एक काम तू वेळेवर करत नाहीस."

चुक्!

"ऐकलंस? खरं हाय म्हनती पाल."

मी म्हटलं, "हे घर माझ्या कष्टावर चाललंय!"

(कान छताकडे. मोठी शांतता.)

"गप बसली बग."

बायको म्हणाली, "भाऊजींच्या घरी नाही होत असलं कधी!"

चुक्!

"ह्येबी खरं. कृष्ण कृष्ण."

मग मी डोकं चालवलं. मिनिटाला एक ना? घड्याळ धरलं. छप्पन्न... सत्तावन्न... अठ्ठावन्न... "या घरात माझं कुणी ऐकत नाही!"

चुक्!

"ह्ये मातुर खरं हाय."

(खुर्चीवर चढतो.) आता शोधा, कण्हतोय कोण. घरात चार अलार्म, तारेनं जोडलेले. आग लागली की एक बोंबलतो, त्याच्यामागं चौघं. एकत्र कुटुंब! पण बॅटरी उतरली की ज्याचं दुखणं त्याचं त्याला. एकेकाखाली मान वर करून मिनिटभर उभं राहायचं. मी जिन्याखाली उभा, तर आवाज पोरीच्या खोलीत. पोरीच्या खोलीत गेलो, तर जिन्याशी.

आणि भाऊजी. म्हणजे माझा साडू. त्याच्या घरी खरंच आवाज होत नाही. कारण त्यानं बॅटऱ्या काढून ठेवल्यात. आणि स्वयंपाकघराजवळच्या अलार्मला हॉटेलातली शॉवर कॅप घातलीय! इंजिनिअर आहे. मला म्हणतो, "जुगाड शिक जरा." अरे, डोक्यावर शॉवर कॅप घालून तो अलार्म हुबेहूब तुझ्यासारखा दिसतो!

शेवटी आमचा सापडला. फिरवून काढला. पाठीवर तारीख, २००८. अलार्मचं आयुष्य दहा वर्षं, तेही कारखान्यातनं निघाल्यापासून. म्हणजे मी नवी बॅटरी कुणाला घालणार होतो? पेन्शनरला! आधी तारीख बघा, मग बॅटरी.

सकाळी दुकानात. दोन जाती. एकात चिमटीहून कमी किरणोत्सारी अमेरिशियम, तो भडक्याला लवकर ओळखतो. दुसऱ्यात प्रकाशाचा झोत, तो धुमसण्याला लवकर ओळखतो. आमच्या घरात भडकणारा मी. धुमसणारी ती. शुक्रवारची ठिणगी मंगळवारी जेवताना पेटते! दोन्ही एकात असलेले घेतले. झोपायच्या खोलीत एकेक, एक बाहेर, एक खालच्या मजल्यावर. आणि शेगडीपासून दहा फूट लांब.

लांब लावून काय होतंय? आत्यानं ठेच्याला मिरच्या भाजल्या. आम्ही चौघं खोकतोय, चार अलार्म बोंबलतायत. आत्या कालथा उगारून छताला म्हणते, "अरं गप! तुला बी देते वाईच!"

मी थांबवायचं बटण दाबलं. आत्या बसली खुर्चीत. "मला येक सांग. धूर झाला तर वास येतुया की. ह्यो कशाला?"

(बसतो. आवाज खाली.)

म्हटलं, आत्या, झोपेत नाकही झोपतं. वासानं माणूस जागा होत नाही. उलट धुरातल्या वायूनं जास्तच गुंगी येते. जागा राहतो तो कान. इथं घराच्या आगीत जी माणसं जातात, त्यातल्या पाचातल्या जवळपास तिघांच्या घरी अलार्म नव्हता, नाहीतर चालू नव्हता.

ती जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तुज्या आजीला यायचा वास."

मग मलाही आठवलं. आजीला झोपलेलं मी पाहिलेलंच नाही. सगळ्यांच्या शेवटी चुलीतली राख सारखी करून आडवी व्हायची आणि कोंबड्याच्या आधी उठायची. आमच्या घरात एक माणूस जागं असायचं, म्हणून बाकीचे दहा घोरायचे. इथं आपण ते काम पंचवीस-तीस डॉलरच्या बशीला दिलंय.

(एकदम उठून) आणि माझा साडू त्या आजीला शॉवर कॅप घालतो!

जाताना आत्या नियम लावून गेली. "दर म्हैन्याला बटन दाबायचं म्हनतोस, तर संकष्टीला दाब. चंद्र दिसला, बटन दाबलं, मग मोदक. आन् खंडेनवमीला समदी हत्यारं पुसतूस, तवा ह्येच्यावरची बी धूळ काढ." आमच्याकडे पोरगी संकष्टीला बटण दाबते, अलार्म बोंबलतो, आम्ही हात जोडतो. शेजारच्या गोऱ्याला वाटतं, आरतीच आहे.

परवा वडूजला फोन लावला. आत्या बोलत होती, तोच मागच्या भिंतीवर खरीखुरी पाल... चुक्!

मी इकडून म्हटलं, "कृष्ण कृष्ण."

आत्या म्हणाली, "थांब रं जरा. हिचा शेल उतारला."

(अंधार.)