केरसुणीचा मान

हिंगोलीत कृतज्ञता तिथीनुसार चालते. दसऱ्याला रामलीला मैदानावर रावण जळतो, त्याआधी घरचा ट्रॅक्टर झेंडूच्या हारात मिरवून घेतो. वसुबारसेला गाय-वासराला ओवाळतात. लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीलाही हळदकुंकू.

ती केरसुणी रोज हाती धरणारीचं काय?

तिला पाडवा आहे की! त्या दिवशीही ओवाळायचं तिनंच. नवऱ्यानं पाटावर बसून तबकात ओवाळणी टाकायची. सोयाबीनचा २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. बाजार त्याखाली गेला की ओवाळणी हलकी, आश्वासन जड. पुण्याहून ट्रॅव्हल्सला वाढीव भाडं मोजून आलेली लेकरं अनारसे चाखतात आणि तोंडभरून कौतुक करतात, आजीच्या हातच्या चवीचं. अनारसे तळणारी तेव्हा भाऊबीजेसाठी वसमतची एसटी गाठायची म्हणून पुढचा घाणा उरकत असते.