हेराल्डवाले भाऊ

मे महिन्यात गोंदियाच्या जयस्तंभ चौकाच्या आसपास एखादी लाल, बिनछपराची मोटार कडेला तोंड वासून उभी दिसली, तर घाबरू नये. अपघात झालेला नसतो. बॉनेट दोन्ही मडगार्डांसकट पुढे उलटलेले असते, पुढच्या टायरवर साठीचे एक गृहस्थ ऐसपैस बसलेले असतात आणि इंजिनाच्या अंगाला असलेल्या पेट्रोलच्या पंपावर ओला दुपट्टा पसरलेला असतो. भोवती चार माणसे उभी असतात. पाचवा येऊन विचारतो, "काय झालं जी?" या प्रश्नासाठीच भाऊ ऊन सोसत असतात.

असे भाऊ भंडाऱ्यातही आहेत, बालाघाटातही आहेत. कोणाकडे फियाट असते, कोणाकडे जावा. गोंदियाच्या वाणाकडे मात्र घरची राइस मिल आणि वडिलांच्या काळातली स्टँडर्ड हेराल्ड असते. ही गाडी मद्रासच्या स्टँडर्ड मोटर कंपनीने १९६१ पासून भारतात बनवली. मूळची विलायतेतली ट्रायम्फ हेराल्ड, १९५९ सालची, आणि तिचे रूप रेखाटले इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्तींनी. त्याच मिकेलोत्तींनी हेराल्डचाच सांगाडा आखूड करून त्यावर स्पिटफायर नावाची दोन माणसांची स्पोर्ट्स कार उभी केली, ती १९६२ मध्ये बाजारात आली. तेव्हा भाऊंच्या मते हेराल्ड ही स्पिटफायरची थोरली बहीण, म्हणजे तीही स्पोर्ट्स कार. या न्यायाने आमदाराचा मावसभाऊही आमदारच. पण भाऊंपुढे हे बोलू नये.

नाते अधिक ठळक दिसावे म्हणून त्यांनी छप्परही उतरवले. करवत लागली नाही. हेराल्डची बॉडी वेगळ्या सांगाड्यावर बसवलेली आणि छप्पर बोल्टांनी आवळलेले. पाने घेतले, दोन हमाल बोलावले, दुपारपर्यंत स्पोर्ट्स कार तयार.

दुखणे आहे ते वाफेचे. पेट्रोल म्हणजे हलक्या-जड अनेक द्रवांची खिचडी. त्यातले सर्वांत हलके पस्तीस-चाळीस अंशांपासूनच उडायला लागतात. गोंदियात नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापते नऊ दिवस, लागण्याआधीच पारा पंचेचाळिशीला टेकतो, बॉनेटखाली तर विचारूच नये. त्यात टाकी मागे आणि पंप पुढे इंजिनाला चिकटलेला. तो लांबून पेट्रोल ओढतो. ओढताना नळीतला दाब उतरतो, दाब उतरला की द्रव आणखी लवकर उकळतो. नळीत वाफेचा बुडबुडा झाला की पंपाचा पडदा वर-खाली होत राहतो, कार्बोरेटरला थेंब पोचत नाही. गाडी दोन गचके देते आणि बसते.

दुसरे दुखणे बरोबर उलटे. हेराल्डचा कार्बोरेटर एक्झॉस्टच्या अगदी डोक्यावर. धावत्या गाडीत वारा लागतो, ताजे पेट्रोल येत राहते, म्हणून कोहमाऱ्याहून देवरीकडे मासुलकसाचा घाट ती कुरकुर न करता चढते. भाऊ देवरीला चहाला थांबतात आणि घोटाळा तिथे होतो. इंजिन बंद, पंखा बंद, सगळी धग वर चढते. फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल उकळून आत सांडते. आता उपाशी गाडीऐवजी अजीर्ण झालेली गाडी. हिला चोक दिला की आणखी बिघडते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारावा लागतो. भाऊ मात्र दोन्हींना "गॅस धरला" म्हणतात आणि दोन्हींवर दुपट्टाच घालतात.

दुपट्ट्याची चेष्टा करू नये. वाळ्याचा कूलर ज्या तत्त्वावर खोली गार करतो, त्याच तत्त्वावर तो पंप गार करतो, आणि पूर्व विदर्भाच्या कोरड्या उन्हात तर झपाट्याने करतो. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीवाल्यांनी हाच उपचार वर्षानुवर्षे केला. त्यातली शेवटची नोंदलेली टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. अमेरिकेत जुने मोटारवाले पेट्रोलच्या नळीला कपडे वाळवायचे लाकडी चिमटे लावत. हे कुठेतरी ऐकल्यापासून वहिनींचे चिमटे गच्चीवरून नाहीसे होऊ लागले. वहिनींनी प्लास्टिकचे आणले. त्यातला एक एक्झॉस्टवर पडून वितळला, तेव्हा चौकात आठवडाभर वेगळ्याच वासाची चर्चा होती.

भाऊंची खरी कसोटी लग्नसराईत. उघडी गाडी म्हटल्यावर नवरदेव मिरवायला ती हवीच. भाऊ पैसा घेत नाहीत, फेटा घेतात. आणि वाफेला वरातीइतके पोषक वातावरण दुसरे नाही. गाडी मुंगीच्या पावलाने, रेडिएटरला वारा नाही, इंजिन नुसते स्लोवर, पेट्रोलचा खप इतका कमी की ते तापल्या नळीत रेंगाळत बसते. पुढे डीजे, मागे जनरेटर. मंडप दिसू लागला की गाडी हमखास बसते. भाऊ उतरतात, बॉनेट उलटतात. दुपट्टा ओला करायला वऱ्हाड्यांसाठी आणलेल्या थंड पाण्याच्या कॅनला हात घालतात. नवरदेव मागच्या सीटवर तलवार धरून बसलेला, आणि नाचणारी पोरे नाच सोडून इंजिनात डोकावतात. भाऊ त्यांना फ्लोट दाखवतात, नीडल दाखवतात, पंपाची हाताने मारायची दांडी दाखवतात. नवरीकडच्या मामाने बुलेट आणली की नवरदेव पुढे जातो. भाऊंच्या व्याख्यानात खंड पडत नाही.

मिस्त्रीने उपाय कधीच सांगितला आहे. "भाऊ, टाकीपाशी इलेक्ट्रिक पंप लावून देतो जी. मागून रेटा बसला की नळीत वाफ धरतच नाही. कार्बोरेटरखाली बेकलाइटचा जाड तुकडा टाकू, धग वर जाणार नाही. झंझट खतम." दोन दिवसांचे काम, फार खर्चही नाही.

भाऊ दुखावतात. "मंग गाडीत राह्यलं काय, बाप्पा?"

उत्तर अगदीच वेडे नाही. जी गाडी कधी बंदच पडत नाही, तिच्याभोवती कोण जमेल? भाऊंच्या पुतण्याकडे नवी इंजेक्शनची मोटार आहे. तिचे बॉनेट कसे उघडते हे त्यालाही ठाऊक नाही, आणि चौकात त्याला कोणी नमस्कार करत नाही.

अलीकडे भाऊंना इथेनॉल नावाचा शत्रू सापडला आहे. फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. इथेनॉल पाणी ओढते, जुन्या रबराला फुगवते, पंपाचा पडदा मऊ पाडते. भाऊ यावर तावातावाने बोलतात. इथेनॉल उसाप्रमाणे तांदळाच्या कणीपासूनही करतात, आणि कणी गोंदियाच्या मिलांतून ट्रक भरभरून बाहेर जाते, हे त्यांना मुनीमजींनी एकदा हळूच सांगितले. भाऊंनी तेव्हा कणीचा भाव विचारला.

सध्या त्यांच्या डोक्यात विंटेज नोंदणी आहे. २०२१ च्या केंद्राच्या नियमाने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना तशी मान्यता मिळते. अशी गाडी रोज रस्त्यावर चालवायची नाही, ही अट भाऊंची हेराल्ड आधीपासूनच काटेकोर पाळते. धंद्याला लावायची नाही, तेही ठीक. पण गाडी मूळ रूपात हवी, बॉडीत मोठा बदल नको. म्हणजे आले छप्पर.

ते मिलच्या अंगणात, चार बांबूंवर, काट्याशेजारी उभे आहे. त्याखाली हमालांची बाज, माठ आणि एक रेडिओ. भाऊ पाने घेऊन गेले तेव्हा बाजेवरचा म्हातारा उठूनही बसला नाही. "भाऊ, नवतपा जाऊ द्या ना जी," तो म्हणाला, "मंग न्या."