किती जण?

माथेरानला आजवर कोणीही एकटं गेलेलं नाही. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट, ज्याच्या नावावर माथेरानचा 'शोध' जमा आहे, तोसुद्धा नाही. मे 1850 मध्ये तो पायथ्याच्या चौक गावात मुक्कामाला होता आणि डोंगर चढला तो गावच्या पाटलांना सोबत घेऊन. डोंगरावर ठाकर, धनगर, कातकरी आधीपासून राहत होतेच. ते काही हरवलेले नव्हते, तरी त्यांचा शोध लागला. श्रेय अर्थातच साहेबाला. पाटील बिचारे दुसऱ्या दिवशी पुन्हा शेतावर गेले असतील.

हे सगळं मी वाचून काढलं, कारण मला एकटीने माथेरानला जायचं आहे. डोंबिवलीहून कर्जत लोकलने पाऊण तासात नेरळ येतं. तिथून टॅक्सीने दस्तुरी नाका. पुढे मोटारींना बंदी, त्यामुळे तांबड्या धुळीतून पायी, नाहीतर घोडा, नाहीतर अमन लॉजहून छोटी गाडी. उंची सुमारे आठशे मीटर. म्हणजे मी काही कैलास-मानसरोवराला निघालेली नाही. झाडाखाली वेताच्या खुर्चीत बसायचं, चहा प्यायचा, कोणी "माझा चष्मा कुठाय?" असं विचारणार नाही एवढीच अपेक्षा.

"एकटीच?" नवऱ्याने विचारलं. या एका शब्दातला 'च' फार बोलका होता.

"काही झालंय का?" सासूबाईंनी विचारलं. काहीही झालेलं नाही, असं सांगितल्यावर त्यांची काळजी दुप्पट झाली. काही झालं असतं तर त्यावर उपाय तरी करता आला असता. संध्याकाळपर्यंत पुण्याच्या वन्संना बातमी पोचली होती. त्यांनी फोन करून आधी माझं वजन विचारलं, मग झोप, आणि शेवटी अगदी हळू आवाजात, "आमचा दादा बरा वागतो ना गं?" दादा शेजारीच बसून माझ्या वाटणीची भडंग खात होता.

खरी मजा पुढे होती. माथेरानच्या एका हॉटेलात फोन लावला.

"किती जण?"

"एक."

"एक फॅमिली?"

"एक माणूस. मी."

पलीकडे शांतता. मग कोणाला तरी विचारलं गेलं. मग, "मॅडम, आम्ही सिंगलला रूम देत नाही."

"का?"

"तसं काही नाही..." तो घुटमळला. "इथे पॉइंट आहेत ना."

पॉइंट आहेत म्हणून तर लोक माथेरानला जातात! मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पॉइंट म्हणजे कडा आणि कडा म्हणजे दरी. एकटं येणारं माणूस परत जायलाच आलेलं असेल याची त्या बिचाऱ्याला खात्री नव्हती. त्याचा मला राग आला नाही. थंड हवेच्या ठिकाणी हॉटेल चालवणाऱ्याला काय काय निस्तरावं लागत असेल, कोण जाणे. पण 'मी आनंदी आहे' हे फोनवरून सिद्ध कसं करायचं? मी हसून दाखवलं. ते फारच वाईट ऐकू आलं असावं, कारण तो म्हणाला, "मॅडम, घरातलं कोणी आहे का बोलायला?"

नवऱ्याने फोन घेतला. "हो, हो, माझीच मिसेस. नाही नाही, भांडण वगैरे काही नाही. चांगली आहे. तशी आनंदीच असते." पुढचं जरा रेंगाळत म्हणाला, "अधूनमधून चिडते, पण तेवढंच." या दाखल्यावर मला खोली मिळाली. भाडं दोघांचं. दोघांचा नाश्ताही त्यातच धरलेला. दुसरा नाश्ता कोणी खायचा, ते माथेरानची माकडं ठरवतील. त्यांना या कामाचा दांडगा अनुभव आहे.

खोली ठरल्यावर घरात नियोजनाला उधाण आलं. मुलाने एक्सेलची शीट केली. माथेरानला 38 पॉइंट आहेत असं म्हणतात आणि मुलाने ते सगळे दोन दिवसांत बसवले. पहाटे पॅनोरामा पॉइंटला सूर्योदय, संध्याकाळी पॉर्क्युपाइन पॉइंटला सूर्यास्त, मधल्या वेळात शार्लोट लेक, लुईझा, एको, किंग जॉर्ज. दुसऱ्या दिवशी चार ते पावणेपाच या चौकटीत हिरव्या रंगात लिहिलं होतं : 'निवांतपणा'. मी म्हटलं, हे पाऊण तासाचं ठेवून बाकीचं सगळं काढ. तर म्हणाला, "मग तू तिथे करणार काय?" निवांत बसणं हे काम नाही, हे त्याला कोणी शिकवलं? बहुतेक मीच. सुट्टीत सगळे लोळत असताना "काहीतरी करा रे" असं ओरडणारी या घरात दुसरी कोण आहे?

त्या यादीत हनिमून पॉइंटही होता. त्याच्यापुढे मुलाने कंसात 'ऐच्छिक' असं लिहिलं होतं. पोरगं समजूतदार आहे. एको पॉइंटला मात्र मी जाणार. एकट्या बाईला लगेच उत्तर मिळेल अशी तेवढी एकच जागा दिसते, आणि तेही तिच्याच म्हणण्याला दुजोरा देणारं.

मला नेरळहूनच छोट्या गाडीने वर जायचं होतं. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने स्वतःच्या पैशाने बांधलेली ही दोन फुटी रुळांची गाडी 1907 पासून वळणं घेत घेत डोंगर चढते. वीस किलोमीटरला दोन तासांहून जास्त वेळ घेते, म्हणजे माझ्या वृत्तीची गाडी. वाटेत एकच बोगदा, तोही इतका छोटा की 'वन किस टनेल' असं त्याचं नाव पडलंय. तेवढ्या अंधारात मी काय करणार? पर्स घट्ट धरून बसणार. सासूबाईंची तशी ताकीदच आहे.

पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज ही गाडी बंद असते, म्हणून दिवाळीनंतरचा मुहूर्त धरला. तेवढ्या अवधीत बेतात भर पडत गेली. शेजारच्या काकूंनी चिक्कीची यादी दिली, शेंगदाण्याची, तिळाची आणि "ती काजूची मिळाली तर". वन्संना सात नंबरच्या कोल्हापुरी चपला हव्यात. कोल्हापूरच्या चपला माथेरानहून कशाला, हे विचारायचं नसतं. सासूबाईंनी दशम्या, सुंठेची पूड, बाम, बॅटरी आणि शिट्टी दिली. शिट्टी कशाला? "हरवलीस तर." दर दोन तासांनी फोन करायचा ठराव झाला. रेंज नसेल तर नवरा हॉटेलात फोन करणार, आणि हॉटेलवाला आता त्याला नावाने ओळखतो. दोघांचं चांगलं जमलंय. परवा त्याने नवऱ्याला आपणहून फोन करून विचारलं, "साहेब, मॅडम आनंदी आहेत ना अजून?"

या सगळ्यात माझी सोबत झाली ती फक्त ऑफिसातल्या एका मैत्रिणीची. तिने काहीही न विचारता फक्त म्हटलं, "जा." मग पाच मिनिटांनी परत येऊन, "मी पण येऊ?"

तुम्हालाही एकटीने जायचं असेल तर माझा अनुभव सांगते. शनिवार-रविवार टाळा, बूट जुने घाला कारण तांबडी माती धुऊन जात नाही, घोड्याचा भाव चढण्याआधीच पक्का करा. आणि हॉटेलला फोन करताना घरातला एखादा माणूस शेजारी बसवून ठेवा. तुम्ही आनंदी आहात, हे तुमच्या तोंडून कोणी ऐकून घेत नाही.