आमचं घर दिसतंय का?

पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून आलेला पुणेकर आधी आपल्याला मुळीच धाप लागलेली नाही असा चेहरा करतो, मग देवदेवेश्वराला हात जोडतो आणि लगेच कठड्यापाशी जाऊन स्वतःचं घर शोधायला लागतो. घर दिसायलाच हवं असं नाही. "तो पिवळा टॉवर, त्याच्या डावीकडे टाकी, टाकीमागे ते झाड दिसतंय ना? त्या झाडामागे आम्ही." म्हणजे दिसलं ते झाड. पण सांगणाऱ्याचं समाधान बघावं! झाडासकट सातबारा त्याच्या नावावर असल्यासारखं.

मी फोटोग्राफी शिकवतो. पाऊस सरून हवा निवळली की पॅनोरामाच्या गृहपाठासाठी वर्गाला घेऊन इथे येतो. पोरांना हरिश्चंद्रगड हवा असतो. कोकणकडा, तंबू, रात्री शेकोटी, पहाटे ढग. त्यांचंही चूक नाही. पण कोकणकडा मुळातच इतका देखणा, की तिथे कॅमेरा हातातून निसटला तर पडता पडता चांगला फोटो काढेल. त्यात विद्यार्थ्याचं कर्तृत्व किती आणि सह्याद्रीचं किती? मार्क द्यायचे कुणाला? पर्वतीवरून दिसतात पाण्याच्या टाक्या, सोलरचे पॅनेल, होर्डिंगच्या पाठी आणि बांधकामांवरच्या क्रेन. लांबवर सिंहगड आहे, तोही डोक्यावर टीव्हीचा टॉवर घेऊन. एवढ्या ऐवजातून ज्याला काही जमवता येईल, त्याला पुढे लग्नाचे अल्बमही जमतील.

शास्त्र चार वाक्यांचं आहे. कॅमेरा उभा धरायचा. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा साधारण एक तृतीयांश भाग पुन्हा घ्यायचा. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स एकदाच ठरवायचे, मग शेवटपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. आणि कॅमेरा फिरवायचा तो लेन्समधल्या एका ठरावीक बिंदूभोवती, स्वतःच्या टाचेवर गिरकी घेऊन नव्हे. हे शेवटचं कुणालाच पटत नाही. म्हणून मी सगळ्यांना ओळीने उभं करतो : एक डोळा मिटा, अंगठा नाकासमोर स्थिर धरा, आता मान सावकाश वळवा. अंगठा मागच्या इमारतींवरून सरकताना दिसतो. जवळचा कठडाही कॅमेऱ्याला तसाच सरकलेला दिसतो आणि जोडकाम करताना त्याचे गज मधेच तुटतात. गेल्या वेळी हा प्रयोग चालू असताना फिरायला आलेले एक आजोबा शांतपणे येऊन ओळीच्या टोकाला उभे राहिले, डोळा मिटला, अंगठा धरला, मान वळवली. दोन्ही बाजूंना करून झाल्यावर म्हणाले, "मानेसाठी असतं का हे? चांगलं वाटलं."

टेकडीवर रोज येणारी ही मंडळी आमच्या गृहपाठाचा भागच आहेत. ट्रायपॉड उघडला की "कुठल्या चॅनलचे?" आणि चॅनल नाही म्हटलं की "मग सहाला यायचं, आता काय उजेड राहिला?" हा सल्ला द्यायला ते नेमके कॅमेऱ्यापुढे येऊन थांबतात. एकाने मोबाइलवर पॅनोरामा घेतला, तेव्हा मोबाइल फिरत होता त्याच दिशेने एक काका चालत होते. ते कठड्याइतके लांबलचक आले. उलट दिशेने येणाऱ्या काकू मात्र अगदी सडपातळ उमटल्या. त्यांनी तो फोटो तिथल्या तिथे फॉरवर्ड करून घेतला, आणि काकांनी तो डिलीट करायला लावेपर्यंत कुटुंबाच्या ग्रुपवर गेलेलाही होता.

दरवर्षी कुणीतरी पोलरायझर लावून येतोच. एकट्या फोटोत त्याने आकाश झकास निळं होतं. पॅनोरामात मात्र सूर्यापासून काटकोनात असलेलं आकाश तेवढं काळवंडतं आणि पुण्यावर एक गडद पट्टा येतो. हवामान खातं गोंधळात पडेल असा.

पण शहरातल्या टेकडीवर चढून चौफेर बघायची हौस पुणेकरांनी शोधून काढलेली नाही. रॉबर्ट बार्कर नावाच्या आयरिश चित्रकाराला एडिंबरोच्या काल्टन टेकडीवर असाच चस्का लागला आणि १७८७ मध्ये त्याने गोलाकार चित्राचं पेटंटच घेतलं. भोवताली चित्र, मधे चौथऱ्यावर प्रेक्षक. पुढे लंडनमध्ये त्याने एका गिरणीच्या छपरावरून दिसणारं लंडनच असं रंगवून दाखवायला मांडलं. लोक पैसे देऊन आत गेले. विचार करा, लंडनच्याच रस्त्यावरून चालत यायचं, तिकीट काढायचं आणि आत जाऊन लंडन बघायचं! कशासाठी? मला तर एकच कारण दिसतं. पर्वतीवर ज्यासाठी बोट लांब होतं, त्याचसाठी तिथेही झालं असणार.

आमच्या टेकडीवर तर यापेक्षा मोठा प्रेक्षक येऊन गेला. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, ती दुसरा बाजीराव पर्वतीवरून बघत होता. पानिपतानंतर नानासाहेबांनी देह ठेवला तोही इथेच, पण त्यांच्या दुःखाला निदान पानिपताचं अंतर होतं. बाजीरावापुढे सगळं एकदमच पसरलेलं : पेठा, नदीकाठ, पलीकडे धूर. राज्य जातानाचं असं सलग दृश्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं. तरी माझी खात्री आहे, धुरावरून त्याची नजर फिरून फिरून शनिवारवाड्यावरच येत असणार.

तर वर्ग. कोथरूडच्या मुलाने टेलीलेन्स लावून स्वतःची गच्ची शोधली आणि वाळत घातलेल्या चादरीवरून ती ओळखली. परभणीच्या मुलीचं इथे घर नाही, म्हणून तिच्याकडून काही तटस्थ कामाची आशा होती. तिने होस्टेलची टाकी शोधली, मग मेसचं धुराडं, आणि त्या दिशेला नाक मुरडून दाखवलं. सरसबागेच्या जागी पूर्वी तळं होतं, गणपती त्या तळ्यातला, हे मी सांगत होतो. ऐकलं ते मघाच्या आजोबांनी.

पॅनोरामात सगळं येतं असं आपण समजतो. पण कुठून सुरू करायचं आणि कुठे थांबायचं, हे कुणीतरी ठरवतंच. दरवर्षीचे गृहपाठ लॅपटॉपवर ओळीने लावले तर दिसतं, की पेठा येतात, स्वारगेट येतं, सिंहगडासाठी तर मारामारी असते. पर्वतीच्याच उतारावर पत्र्याला पत्रा लावून चढत आलेली जनता वसाहत मात्र कॅमेरा नेमका चुकवतो. कुणी कुणाला सांगितलेलं नसतं. यंदा एका मुलाने ट्रायपॉड उचलला आणि सरळ त्याच बाजूला नेऊन मांडला. "सर, आमचं घर इथून झाडाबिडाशिवाय दिसतं." आणि दिसत होतं. निळा ड्रम, डिश अँटेना, पत्र्यावर ठेवलेले दोन टायर. त्याने खिशातून फोन काढला.

"आई, बाहेर ये. वर बघ, देवळाकडे. हां, हात कर."

खाली दारात गाऊन घातलेली एक बाई आली, तिने वर बघितलं, कपाळावर आडवा हात धरला आणि फोनवर जे विचारलं ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "किती जण आहेत रे तिथे?" पोराने खरा आकडा सांगितला. बाई तडक आत गेली. "थांबा म्हणतेय, साडी नेसून येते."

मघाशी एक्स्पोजर एकदाच ठरवायचं असं मीच बजावलं होतं. ऊन चढत होतं. पण सगळा वर्ग कामं सोडून त्या कठड्यापाशी जमला होता आणि साडी कुठली असेल यावर मुलींमध्ये चर्चा चालू होती. वेळ काढायला मी १९०४ च्या सर्कट कॅमेऱ्याची गोष्ट सांगितली. किल्लीवर फिरणारा तो कॅमेरा लांबलचक ग्रुप फोटो टिपायचा, आणि वात्रट पोरं एका टोकाला फोटोत आली की मागून पळत दुसरं टोक गाठून पुन्हा यायची. हे ऐकायला मात्र सगळे हजर.

जांभळी साडी निघाली. पोराने फोनवर दिग्दर्शन सुरू केलं : आधी दारात उभी राहा, मग मी सांगितलं की ड्रमपाशी जा, पळू नको. उभ्या आठ फ्रेम झाल्या. जोडल्यावर आई दोनदा आली, दारातही आणि ड्रमपाशीही, आणि तिच्या मागे दांडेकर पुलापासून वेताळ टेकडीपर्यंतचं पुणं जिथल्या तिथे, एक गज न तुटता. वर्षातलं सगळ्यात स्वच्छ जोडकाम. मी पैकीच्या पैकी मार्क दिले.

त्याने तो घरी पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं, ते त्याने मला दाखवलं. "साडी चांगली आली. दोघी ठेव. मागचं सगळं कापून टाक."